नेट गेलं तरी भजन वाजायला हवं: फोन घरच्या म्युझिक सर्व्हरला जोडताना

गणपतीचे दिवस. देवगड तालुक्यातलं आमचं घर, बाहेर कोसळणारा पाऊस, आणि सकाळपासून ब्रॉडबँड बंद, कारण केबलवर कुठेतरी माड पडलेला. आरती आटोपल्यावर आजोबांनी त्यांच्या मंडळाच्या जुन्या डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचं, रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. कॅसेटवरून उतरवलेलं ते रेकॉर्डिंग माजघरातल्या लॅपटॉपवर होतं. मी फोन काढला, तर ॲप म्हणतं सर्व्हर सापडत नाही. "नेट नाही," मी सांगून टाकलं. त्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "गाणी घरातच आसत मां रे? मगे नेट कित्याक होया?"

बरोबर होतं त्यांचं. गाणी दहा हातांवर होती. लॅपटॉप चालू, राउटर चालू, तरी फोन तिथे पोचत नव्हता. त्या रात्री कारण सापडलं ते पुढे सांगतोच. पण तेव्हापासून मी जोडणी करताना एकच कसोटी लावतो: ब्रॉडबँडची वायर काढून ठेवली तरी गाणं वाजलं पाहिजे. ती कसोटी धरूनच हे लिहितोय.

आधी वाट समजून घ्या

फोनवर गाणं दाबलं की मागणी वाय-फायने राउटरकडे जाते, राउटर ती सर्व्हरकडे देतो, आणि गाणं त्याच वाटेने परत येतं. या सगळ्यात इंटरनेटचा संबंध नाही. राउटर म्हणजे घरापुढचं खळं समजा. बाहेरचा रस्ता बंद पडला म्हणून माजघरातून पडवीत यायला काही कोणी अडत नाही.

वेगही फार लागत नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज अजिबात न दाबता पाठवला तरी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घालवता दाबलेल्या फाइलला त्याहून कमी, आणि चांगल्या एमपीथ्रीला ३२० किलोबिट. जुना, स्वस्त राउटरही हे सहज पेलतो. तेव्हा यासाठी नवा राउटर घ्यायला धावू नका.

सर्व्हर

सर्व्हर म्हणजे सतत चालू असणारा कुठलाही संगणक. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालतो, पण गावात मी जुन्या लॅपटॉपला कौल देतो, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. लाईट दिवसातून चारदा गेली तरी तो झोपत नाही.

सॉफ्टवेअरसाठी मी नॅव्हिड्रोम वापरतो. फुकट आहे, हलकं आहे, आणि फक्त संगीतासाठी आहे. सिनेमे आणि फोटोही ठेवायचे असतील तर जेलीफिन बघा. नॅव्हिड्रोम ४५३३ या पोर्टवर ऐकतं, जेलीफिन ८०९६ वर. पोर्ट म्हणजे एकाच घराची वेगवेगळी दारं. पुढे सगळीकडे मी ४५३३ लिहिलंय, तुमचं दार वेगळं असेल तर तो आकडा बदला. आणि हो, इथे अंक देवनागरीत आहेत, पण फोनवर टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा. आमच्या आत्याने मराठी कीबोर्डवरून पत्ता टाकून अर्धा तास घालवला होता.

इन्स्टॉल करणं कठीण नाही. गाण्यांचं फोल्डर दाखवायचं, सर्व्हर चालू करायचा, त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:४५३३ हा पत्ता उघडायचा. पहिल्यांदा उघडल्यावर ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगतं. इथे गाणं वाजलं, तरच पुढे जा. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. इथेच वाजत नसेल तर राउटरला दोष देऊन काही मिळायचं नाही.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर तीन गोष्टी आत्ताच करून टाका. स्लीप 'कधीच नाही' वर ठेवा. झाकण मिटल्यावर 'काहीच करू नको' निवडा. आणि नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. नवीन नेटवर्कला विंडोज पुष्कळदा 'पब्लिक' समजतं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या अनोळखी माणसांत बसल्यासारखं दारं लावून बसतं. एवढं करूनही अडलं तर विंडोज डिफेंडर फायरवॉलमध्ये नवा इनबाउंड नियम करायचा: प्रकार पोर्ट, टीसीपी, क्रमांक ४५३३, परवानगी द्या, आणि फक्त प्रायव्हेटवर खूण. फायरवॉल अख्खा बंद करू नका.

सर्व्हरला वायरनेच जोडा

फोन हिंडणार, त्याला वाय-फाय. सर्व्हर एका जागी बसणार, त्याला लॅन केबल. दोघंही वाय-फायवर असले की एकच गाणं हवेतून दोनदा जातं, एकदा सर्व्हरकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून फोनकडे. केबल लावली की निम्मी कटकट तिथेच संपते.

केबल राउटरच्या लॅन खाचेत जाते. 'वॅन' लिहिलेली, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची खाच असते ती बाहेरच्या जोडणीची. तिला हात लावू नका.

पत्ता कायम करा

ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि आठवड्याने 'काल चालत होतं, आज नाही' म्हणून फोन करतात. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो, पण तो उसना असतो. आमच्याकडे पावसात लाईट येते-जाते, दर वेळी राउटर नव्याने उठतो, आणि काल ज्या लॅपटॉपला शेवटी २३ आकडा मिळाला होता त्याला आज २७ मिळतो. फोनमधलं ॲप मात्र अजून २३ च्या दारावर धडका मारत असतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करून बघा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' हा सर्व्हरचा पत्ता, आणि 'डीफॉल्ट गेटवे' हा राउटरचा. तीच आज्ञा पुढे तिरकी रेघ आणि 'ऑल' लावून दिली की 'फिजिकल ॲड्रेस' दिसतो. तो त्या लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजेच मॅक पत्ता. यादीत दोन असतील, वायरचा आणि वाय-फायचा. आपल्याला वायरचा, 'इथरनेट' खालचा हवा.

आता गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नाव-पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर मिळतो. आत डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटायचं काम) किंवा लॅन सेटिंग्ज शोधा. तिथे ॲड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज, आयपी-मॅक बाइंडिंग असं काहीतरी नाव असेल. प्रत्येक कंपनीचं बारसं वेगळं, मूल तेच. तिथे मॅक पत्ता टाकून त्याला कायमचा पत्ता नेमून द्या, समजा १९२.१६८.१.५०. मग लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा आणि पत्ता खरंच ५० आला का ते बघा.

फायबरवाल्यांच्या काही डब्यांत हे पान कुलूपबंद असतं. मग पत्ता लॅपटॉपमध्येच हाताने भरावा लागतो. तेव्हा राउटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा आकडा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० निर्धोक. आतला घेतला तर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या फोनलाही मिळेल आणि दोघांचीही जुंपेल.

दोन राउटरचं घर

खरी गोम इथे आहे. कोकणातली जुनी घरं लांबट. ओटी, माजघर, मागची पडवी, आणि मधे जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती. फायबरवाला डबा ओटीवर ठोकून जातो, मागे सिग्नल पोचत नाही. मग कोणीतरी जुना राउटर आणून मागे लावतं, पहिल्या डब्याची केबल त्याच्या वॅन खाचेत घालतं, आणि नेट चालू झालं की सगळे खूश.

पण आता घरात दोन नेटवर्क झाली. मागच्या राउटरने स्वतःचं वेगळं कुंपण घातलं, आणि त्या कुंपणाचं आडं एकाच बाजूने उघडतं. सर्व्हर पुढच्या डब्याला आणि फोन मागच्या राउटरला असेल तर गाणं वाजतं, कारण आतून बाहेर जायला मुभा आहे. उलट, सर्व्हर मागे आणि फोन ओटीवर असेल तर वाजत नाही, कारण बाहेरच्याला आत कोण कुठे बसलंय ते दिसत नाही. 'मागच्या दारी चालतं, ओटीवर चालत नाही' अशी तक्रार ऐकली की मी सिग्नल मोजत नाही, आधी राउटर मोजतो. त्यात दोन्ही राउटर १९२.१६८.१ नेच सुरू होणारे पत्ते वाटत असतील तर गोंधळ आणखी वाढतो.

ओळखायचं कसं? फोनच्या वाय-फाय तपशिलात स्वतःचा पत्ता दिसतो. घरगुती जोडणीत त्याचे पहिले तीन आकडे आणि सर्व्हरचे पहिले तीन आकडे एकच हवेत. १९२.१६८.१ आणि १९२.१६८.१ जमलं. १९२.१६८.१ आणि १९२.१६८.० म्हणजे कुंपण आलं.

उपाय असा की मागच्या राउटरला राउटरपणातून निवृत्त करायचं. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढं एक बटण पुरतं. नसेल तर क्रम पाळून करा, क्रम चुकला तर त्या राउटरचं पान उघडणंच मुश्कील होतं. आधी त्याला पहिल्या डब्यापासून तोडा आणि एका लॅपटॉपला केबलने जोडा. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. हा आकडाही पहिला डबा वाटतो त्यांच्या बाहेरचा हवा. तो नव्याने चालू झाला की नव्या पत्त्यावर आत जाऊन डीएचसीपी बंद करा. मग ओटीवरून आलेली केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन खाचेत घाला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवला की फोन घरभर हिंडताना स्वतःच जवळचा धरतो. धरतोच असं नाही, कधी हट्टाने लांबच्याला चिकटून बसतो. तेव्हा वाय-फाय बंद करून चालू करायचं.

चिऱ्याच्या भिंतींबद्दल आणखी एक. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंत आली की मान टाकतं. २.४ गिगाहर्ट्झ धिमं, पण लांब जातं. वर म्हटलं तसा गाण्याला वेग लागतोच किती? माजघरापलीकडे २.४ च वापरा, आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. पावसाळ्यात खळ्यावर पत्रे घातले असतील तर लक्षात ठेवा, पत्रा हा वाय-फायचा चिऱ्याहून मोठा वैरी. राउटर पत्र्याला किंवा गोदरेजच्या कपाटाला टेकवून ठेवू नका.

आता फोन

फोन घरच्या वाय-फायवर घ्या. पाहुण्यांसाठीचं वेगळं 'गेस्ट' नेटवर्क नको. ते मुद्दाम असं बनवलेलं असतं की त्यावरच्या फोनला घरातली यंत्रं दिसू नयेत. साध्या नेटवर्कवरही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाची खूण चालू असेल तर तसंच होतं. राउटरमध्ये शोधून काढून टाका.

आधी ॲप नको, ब्राउझर. पूर्ण पत्ता टाइप करा: एचटीटीपी, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा, मग १९२.१६८.१.५०:४५३३. सुरुवातीचं एचटीटीपी गाळू नका, कारण आजकालचे ब्राउझर आपणहून शेवटी 'एस' लावून सुरक्षित दार शोधतात आणि तुमच्या सर्व्हरला ते दार नसतं. लॉगिनचं पान दिसलं की लढाई जिंकली.

नाही दिसलं तर चूक काय म्हणून दाखवतो ते वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर आनंद माना: फोन यंत्रापर्यंत पोचलाय, फक्त त्या दारामागे कोणी नाही. म्हणजे सर्व्हर बंद किंवा पोर्टचा आकडा चुकला. बराच वेळ गोल फिरून 'टाइम्ड आउट' आलं तर हाक पोचलीच नाही किंवा कोणी ओ दिली नाही: पत्ता चुकीचा, दोन नेटवर्क, आयसोलेशन, नाहीतर फायरवॉल. यात विंडोजची एक खोड आहे. त्याचा फायरवॉल सहसा बंद दारावरही गप्पच बसतो, त्यामुळे सर्व्हर नुसता बंद असला तरी 'टाइम्ड आउट'च दिसतं. म्हणून विंडोजवर आधी लॅपटॉपवरच १२७.०.०.१ चालतंय ना ते पुन्हा बघायचं.

पान दिसल्यावर ॲप. नॅव्हिड्रोम 'सबसॉनिक' नावाची जुनी बोली बोलतं, त्यामुळे ती समजणारं कुठलंही ॲप चालतं. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक फुकट आहे, सिम्फोनियम विकत घ्यावं लागतं पण घेण्याजोगं आहे. आयफोनवर अँपरफाय बघा. ॲपला तोच पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यायचा. आयफोन मधेच 'या ॲपला लोकल नेटवर्क वापरू द्यायचं का' असं विचारतो. २०२० च्या आयओएस १४ पासून हा प्रश्न येतो. घाईत 'नको' दाबलं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली जाऊन लोकल नेटवर्कची खूण चालू करा. ब्राउझरमध्ये चालतं आणि ॲपमध्ये नाही, अशा वेळी आयफोनवर मी पहिलं हेच बघतो. अँड्रॉइडवर स्क्रीन विझल्यावर गाणं थांबत असेल तर त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून पाहा, ते कधी कधी घरातली हाकही गावाबाहेरून फिरवून आणायला जातं.

आणि त्या रात्रीचं कारण

वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन शहाणपणा करतो. वाय-फायची खूण वर तशीच, पण आतून तो मोबाइल डेटावर सरकतो. मोबाइल डेटावरून १९२.१६८.१.५० हा पत्ता कुठेच पोचत नाही, कारण तो पत्ता फक्त घराच्या आतला. म्हणून नेट गेलं की घरातली गाणीही गेली असं वाटतं.

इलाज दोन सेकंदांचा. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का' अशी सूचना आली की 'हो' आणि 'पुन्हा विचारू नको'. सूचना निसटली असेल तर मोबाइल डेटा बंद करायचा. शिवाय वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'आपोआप मोबाइल डेटावर जा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तोही काढून टाका. मी डेटा बंद केला आणि डबलबारी सुरू झाली. आजोबांनी काही म्हटलं नाही, नुसता चकीचा ठेका मांडीवर धरला.

आता कसोटी घ्या: राउटर चालू ठेवून बाहेरून आलेली फायबरची किंवा वॅनची वायर काढा, दोन मिनिटं थांबा, आणि गाणं लावा. मग राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बंद करून चालू करा आणि पुन्हा लावा. दोन्ही वेळा वाजलं तर पावसाळा निघेल.

हवामानाचं

राउटरला छोटा डीसी यूपीएस घ्या. आधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण वाचल्याशिवाय लावू नका. मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर भिंतीतून उपटायचे, बटण बंद करून भागत नाही. दोन यंत्रांमधली लांब लॅन केबलही काढायची, तांब्याची तार असते ती. समुद्र जवळ असेल तर खारा वारा खाचांत शिरतो आणि पितळ-तांबं हिरवं पडतं. सर्व्हर खिडकीत नको, माजघरात ठेवा.

गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात उतरवली तर सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये बरीच कमी. जागा स्वस्त आहे. मूळ कॅसेटवर मात्र आमच्याकडे दोन पावसाळ्यांत पांढरी बुरशी धरली, ती आता वाजत नाही.

चाकरमानी आले की

घरी आलेल्या प्रत्येकाला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका. नॅव्हिड्रोममध्ये वेगळा वापरकर्ता करता येतो, त्याला फक्त ऐकायचा अधिकार. आणि परत डोंबिवलीला गेल्यावर 'इथून का वाजत नाही' असा फोन येणारच. राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर जगापुढे मांडू नका. बहुतेक वेळा ते जमणारही नाही, कारण अनेक कंपन्या एकच बाहेरचा पत्ता कित्येक घरांत वाटतात. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान दिसला तर तुम्ही त्या वाटपातले. त्याऐवजी टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारं ॲप, सर्व्हरवर आणि फोनवर टाका, दोन्हीकडे तेच खातं, आणि ते सर्व्हरला जो १०० ने सुरू होणारा नवा पत्ता देतं तो ॲपमध्ये दुसरा सर्व्हर म्हणून नोंदवा. घरी असताना घरचाच पत्ता वापरा. टेलस्केलवाली वाट इंटरनेटवर अवलंबून, आणि आपली कसोटी आठवतेय ना.

शेवटचं काम कागदाचं. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, राउटरचा पासवर्ड आणि 'नेट गेलं तर मोबाइल डेटा बंद करा' ही ओळ एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कागद लॅमिनेट करून घ्या. आमच्या पहिल्या कागदावरची शाई जुलैतच पसरली, आणि ५० चा ६० वाचून काकाने अख्खी संध्याकाळ घालवली.